हाडं म्हातारी नव्हती

प्रोजेरिया म्हटलं की अजूनही लोक ‘पा’ सिनेमाचं नाव काढतात. २००९ साली अमिताभ बच्चन यांनी त्यात शाळकरी ऑरो उभा केला आणि लाखोंत नव्हे, कोटी-दोन कोटींत एखाद्यालाच असणाऱ्या आजाराचं नाव घराघरात पोचलं, हे कबूलच केलं पाहिजे. पण आमच्या धंद्याच्या नजरेनं बघितलं तर तो ऑरो फार उंच होता आणि त्याचे गुडघे फार सरळ होते. या आजाराची मुलं जेमतेम मीटरभर वाढतात. वजन बारा-पंधरा किलोंच्या आसपास अडतं. ती उभी राहतात तीही पाय फाकवून, कमरेत आणि गुडघ्यांत वाकून. पुस्तकांत या ठेवणीला घोडेस्वाराची उपमा दिलेली असते. मेकअपवाल्याला टक्कल करता येतं, कपाळावरच्या शिरा काढता येतात. आखडलेला गुडघा त्याच्या डब्यात नसतो.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. आमच्याकडे येणारी गर्दी ठरलेली: लकव्याचे पेशंट, गोठलेले खांदे, ऊसतोडीनं मोडलेल्या कमरा, फ्रॅक्चर जुळल्यावर ताठ राहिलेली मनगटं. असं मूल आपल्या टेबलावर कधी येईल, असं मला वाटलं नव्हतं. तो पहिल्यांदा आला तेव्हा सहा-सात वर्षांचा होता. घरात त्याला बारक्या म्हणतात. इथेही तेच नाव चालवते.

त्याच्याबरोबर एक जाड फाईल आली होती. त्वचेच्या डॉक्टरांचे कागद, हृदयाची तपासणी, मुंबईहून आलेला जनुकाचा रिपोर्ट, आणि सगळ्यात वर एका मोठ्या शहरातल्या सेंटरचा डेक्सा, म्हणजे हाडांच्या घनतेचा रिपोर्ट. त्यावर इतकंच लिहिलं होतं की हाडं अतिशय ठिसूळ आहेत, पडण्यापासून जपा. घरच्यांनी ते अक्षरशः पाळलं. शाळा बंद झाली, अंगणात जाणं बंद झालं. वडील टेम्पो चालवतात. त्यांनी खाटेला चारी बाजूंनी उशा बांधल्या. आजीनं मला पहिल्याच दिवशी विचारलं, “बाई, हात लावल्यावर पोरगं मोडंल का?”

रिपोर्टमधला आकडा खोटा नव्हता. पण डेक्साचं यंत्र हाडाची सावली मोजतं, जाडी मोजत नाही. लहान हाड आत चांगलं भरलेलं असलं तरी सावलीत विरळ दिसतं. सात वर्षांच्या मुलाची उंची साडेतीन वर्षांच्या मुलाएवढी असेल, तर त्याची तुलना सात वर्षांच्या मुलांशी करून चालत नाही. उंचीचा हिशेब धरून आकडा पुन्हा काढावा लागतो. प्रोजेरियाच्या मुलांचा असा हिशेब अमेरिकेत बोस्टनच्या डॉक्टरांनी मांडून ठेवला आहे. उंची धरली की घनता बहुतेकांत थोडीशीच कमी निघते, काहींत तर कमी नसतेच. ही मुलं इतर मुलांपेक्षा फार जास्त वेळा हाडं मोडून घेतात असंही दिसत नाही. बिघडलेला असतो तो हाडांचा आकार, त्यांची घडण. साठीच्या बाईचं हाड आतून पोखरतं, तो प्रकारच हा नव्हे.

मला पहिले काही महिने याच गोष्टीनं झपाटलं होतं. आजाराचं वर्णन पहिल्यांदा केलं ते जोनाथन हचिन्सन या इंग्रज डॉक्टरांनी, १८८६ साली. नंतर हेस्टिंग्ज गिल्फर्ड यांनी त्याला प्रोजेरिया हे नाव दिलं आणि तेव्हापासून तो अकाली म्हातारपणाच्या खात्यावर गेला. चेहरा बघून कुणीही त्याच खात्यात टाकेल. पण बारक्याच्या एक्स-रेच्या फिल्म खिडकीशी धरून बघायला लागले तेव्हा मला तिथं म्हातारा माणूस सापडेना.

खुब्याचंच घ्या. मांडीच्या हाडाची मान आणि दांडा यांच्यामध्ये एक कोन असतो. जन्मतः तो साधारण १५० अंशांचा, म्हणजे बराच उभट असतो. मूल उभं राहतं, चालतं, पळतं, अंगाचा भार खुब्यावर पडत जातो आणि तो कोन हळूहळू मिटत मोठेपणी १२५-१३० अंशांवर येतो. बारक्याचा कोन मिटलाच नव्हता. खुब्याची वाटीही उथळ. याचा अर्थ, सात वर्षांच्या पोराच्या मांडीच्या वरच्या टोकाला तान्ह्या बाळाचा सांधा होता. टाळूही पुरती भरलेली नव्हती. जबडा इतका लहान की दुधाचे दात पडायचे राहिलेले, त्यांच्यामागे नवे दात दाटीवाटीनं उगवलेले. हे सगळं न वाढलेलं शरीर होतं, थकलेलं नव्हे.

याच्या नेमकं उलट दुसरीकडे चाललं होतं. गळ्याच्या हाडाची बाहेरची टोकं विरून गेली होती. हाताच्या बोटांच्या शेवटच्या पेरांतली हाडं झिजून निमुळती झाली होती. ही हाडं जन्माच्या वेळी नीट तयार असतात आणि मग शरीरच ती परत शोषून घेतं. गळ्याचं हाड आखूड झालं की खांद्यांना बाहेर धरून ठेवणारा आधार जातो. खांदे पुढे आणि आत येतात, छाती अरुंद होते. ज्या अर्थानं आपण म्हातारपण म्हणतो त्या अर्थानं या मुलांत म्हातारं होतं ते रक्तवाहिन्यांचं जाळं. मोतीबिंदू होत नाही, स्मृतिभ्रंश होत नाही, कॅन्सरही वाढत नाही. पण धमन्या कडक होतात, आणि उपचार नसतील तर सरासरी साडेचौदा वर्षांच्या आसपास हृदयविकार किंवा मेंदूतला झटका यांतल्या एकानं मूल जातं. घरच्यांना हे माहीत होतं. माझ्यासमोर ते कधी त्यावर बोलले नाहीत, मीही विषय काढला नाही.

हाडं, सांधे, स्नायू, रक्तवाहिन्या यांच्यावरच का येतं आणि डोकं का सुटतं? याचं उत्तर पेशीच्या केंद्रकात आहे. केंद्रकाच्या आवरणाला आतून आधार देणारं लॅमिन ए नावाचं प्रथिन असतं. २००३ साली अमेरिकेत फ्रान्सिस कॉलिन्स यांच्या आणि फ्रान्समध्ये निकोला लेव्ही यांच्या गटानं दाखवून दिलं की या प्रथिनाच्या जनुकात एका अक्षराची अदलाबदल झालेली असते. त्यामुळे प्रथिन पन्नास अमिनो आम्लांनी आखूड बनतं. या आखूड प्रथिनाला प्रोजेरिन म्हणतात, आणि ते आवरणाला चिकटून बसतं ते सुटतच नाही. केंद्रक वेडंवाकडं फुगतं. जिथे पेशींना सतत ओढ, दाब, ठोका सोसावा लागतो, त्या ठिकाणी लॅमिन ए भरपूर लागतं, म्हणजे हाडात, स्नायूंत, धमनीच्या भिंतीत. मेंदूच्या पेशी मात्र ते जवळजवळ बनवतच नाहीत. गुडघ्याला जे भोगावं लागतं ते मेंदूपर्यंत पोचत नाही, ते असं. बारक्या पाढ्यांत माझ्या मुलीच्या पुढे होता आणि आमच्या विभागातल्या पंख्यांपैकी कोणता उलटा फिरतो हे त्यानंच आम्हाला दाखवून दिलं.

याच जनुकात दुसऱ्या जागी बिघाड झाला तर स्नायू झिजण्याचा एक वेगळाच आजार होतो. त्यात स्नायू खरोखर आजारी असतो. बारक्याचे स्नायू बारीक होते, त्यांच्यावर चरबीचं अस्तर नव्हतं म्हणून ते दोऱ्यांसारखे वर दिसायचे. पण ताकद अंगाच्या मानानं ठीक होती. हा फरक कळल्याशिवाय व्यायाम ठरवताच येत नाही. आजारी स्नायूला दमवायचं नसतं. याला दमवायला हरकत नव्हती, फक्त वजनाचा विचार करावा लागे. आमच्याकडची सगळ्यात हलकी वाळूची पट्टी अर्ध्या किलोची. अकरा किलोंच्या मुलाच्या पायाला ती बांधणं म्हणजे माझ्या पायाला अडीच-तीन किलो बांधणं. मग पाव किलो साबुदाण्याची पुरचुंडी शिवून घेतली.

एक गोष्ट त्याच्या आईनं विचारली होती ती लक्षात राहिली. “मॅडम, ह्येच्या घराण्यात कुणाला न्हाई, माझ्या म्हायेरी कुणाला न्हाई, मग आलं कुठनं?” सासू गिराणाचं सांगायची. दिवस असताना ग्रहणात सुनेनं विळी धरली, म्हणून. या प्रश्नाला माझ्याकडे ठाम उत्तर होतं, आणि अशी संधी आमच्या कामात क्वचित मिळते. हे आईबापांकडून आलेलं नसतं. ते अक्षर बीज तयार होताना आपसूक बदलतं. विळी धरली असती काय, नसती काय. मी ते आजींना समोर बसवून सांगितलं. त्यांचं पुरतं पटलं असं नाही, पण सुनेला ऐकवणं थांबलं.

कामाची सुरुवात मोजमापानं. तीही सोपी नव्हती. गुडघा किती वाकलेला राहतो हे मोजायच्या गोनिओमीटरचे दोन हात असतात, ते मोठ्या माणसाच्या मांडीवर आणि नडगीवर ठेवायचे. बारक्याच्या मांडीवर ते पुढे लोंबायचे. शेवटी बोटांसाठीचा छोटा गोनिओमीटर कोपराला वापरला, आणि गुडघ्याला मोठ्याचंच टोक कापून. गुडघे पंचवीसेक अंश कमी सरळ व्हायचे, कोपरंही तशीच. घोटा वर येत नव्हता, बोटांची मूठ अर्धवट. सांध्यांच्या आतली कूर्चा बरीचशी ठीक असते. आखडतात ते भोवतालचे पडदे, अस्थिबंध आणि वरची ताठ कातडी. म्हणून संधिवाताच्या पेशंटसारखी सूज नाही, सकाळची कळ नाही. फक्त दोरी दर वर्षी थोडी आखूड होत जाते.

गुडघा वाकलेला असण्याची किंमत काय ते ज्याला कळत नसेल त्यानं गॅसजवळ उभं राहून, गुडघे थोडे वाकवून, दहा चपात्या लाटून बघाव्यात. सरळ गुडघ्यावर आपण हाडांच्या भरवशावर उभे असतो, स्नायू जवळजवळ झोपलेले. वाकलेल्या गुडघ्यावर मांडीचा पुढचा स्नायू क्षणभरही सुटत नाही. बारक्या प्रार्थनेच्या रांगेत पाच मिनिटांत घामाघूम व्हायचा, ते अशक्तपणामुळे नव्हे. तो उभा नव्हताच, पाच मिनिटं अर्ध्या उठाबशीत होता. माझं सगळं काम त्या पंचवीसातले पाच-सात अंश परत मिळवणं, आणि मिळाले नाहीत तर निदान आणखी जाऊ न देणं, एवढंच होतं. खूप वाटत नाही. पण त्या पाच-सात अंशांत अंगणाला एक फेरी जास्त मारता येते.

ताण द्यायचा तो हळू, लांब, रोज. या कातडीखाली गादी नसते, म्हणून जोर लावला की जखम. रात्री पाय सरळ ठेवणारे कडक प्लास्टिकचे स्प्लिंट आम्ही करून बघितले आणि बाजूला ठेवले. घोट्याच्या हाडावर लाल वळ उठायला लागले. आजीचं खोबरेल तेल मात्र मी चालू ठेवलं. बारक्याचे पाय मांडीवर घेऊन, तेल चोळत, गावातल्या सगळ्यांची उणीदुणी काढत त्या अर्धा तास बसायच्या. कातडी मऊ पडायची, सांधा गरम व्हायचा, मग आई ताण द्यायची. आमच्या विभागातल्या मेणाच्या शेकापेक्षा हे चांगलं काम करत होतं. एक अट घातली होती, हाडवैद्याला हात लावू द्यायचा नाही. ज्या खुब्याची वाटी उथळ आहे त्याला कुणी जोरात ओढलं तर तो जागेवरून निघतो, आणि निघाला की परत बसवणं सोपं नाही. शस्त्रक्रियेचा विचारही घाबरत करावा लागतो. जबडा लहान, मान ताठ, भूल देताना श्वासनळीत नळी जाता जात नाही.

तळव्याचं दुखणं मला आधी समजलं नव्हतं. तो फरशीवर चालला की ओठ चावायचा. तळव्याखाली जी चरबीची गादी असते ती या मुलांत विरघळून जाते. हाड जवळपास थेट फरशीवर. दुकानातले बूट या मापात मिळतात ते तीन वर्षांच्या पोरांचे, आत पुठ्ठा आणि वर कार्टून. आमच्याकडे कुष्ठरोग्यांसाठी एमसीआर चपला करणारे एक कारागीर आहेत. सुन्न पायाला जखम होऊ नये म्हणून मायक्रोसेल्युलर रबराचा मऊ तळ असलेली ही चप्पल मधुमेही माणसंही वापरतात. मी मोजमाप घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी दोन्ही कागद उलटसुलट केले आणि विचारलं, “बाहुलीची आहे का?” मग काहीच न बोलता केली. मागे पट्टा लावला, टाच किंचित उंच ठेवली, कारण घोटा वर येत नाही. पैसे घ्यायला तयार नव्हते, ते मी जबरदस्तीनं दिले. बारक्यानं ती घालून आधी दारापर्यंत फेरी मारली, मग न सांगता बाहेरच्या व्हरांड्यात गेला.

अकाली म्हातारपणाचे आजार म्हणून पुस्तकात शेजारी छापलेला वर्नर सिंड्रोम मी प्रत्यक्ष हाताळलेला नाही. एका परिषदेत एक्स-रे तेवढे बघितलेत. जपानमध्ये आणि इटलीच्या सार्डिनिया बेटावर तो जास्त सापडतो. ती माणसं विशीपर्यंत ठीक असतात, फक्त वयात येताना उंची झपकन वाढते ती वाढत नाही. मग तिशीत मोतीबिंदू, पांढरे केस, हातापायांचे स्नायू वितळणं, टाचेमागच्या शिरेत चुन्याचे खडे, घोट्यावर न भरणाऱ्या जखमा. तिथे हाडं खरंच विरळ होतात, आणि गंमत म्हणजे मणक्यापेक्षा पायांची आधी. म्हातारपणात बहुधा मणका आधी जातो. म्हणजे म्हातारपणाची हुबेहूब नक्कल तिथेही नाही. जनुक वेगळं, तिथे आईबाप दोघांकडून यावं लागतं. एकाच शीर्षकाखाली दोन्ही छापतात, एवढंच साम्य म्हणायचं.

बारक्याची खरी अडचण व्यायाम नव्हती, मुलं होती. शाळा सुरू केल्यावर वर्गातल्या पोरांनी त्याला क्रिकेटमध्ये घेतलं, अंपायर म्हणून. त्याला ते अपमानास्पद वाटलं. “ताई, म्हाताऱ्यांना अंपायर करत्यात,” असं म्हणाला. मुख्याध्यापक मला भेटले तेव्हा त्यांची काळजी वेगळी होती: पडला तर जबाबदारी कुणाची? मी त्यांना तो डेक्साचा आकडा समजावून सांगितला. या मुलांच्या देखभालीची जी माहिती बोस्टनजवळच्या प्रोजेरिया रिसर्च फाउंडेशननं काढली आहे त्यातही हाच सल्ला आहे: मुलाला किती झेपतं हे त्याचं त्यालाच ठरवू द्यावं. खरी सक्ती करायची ती पाण्याची. उन्हात पाणी कमी पडलं तर या कडक धमन्यांतून मेंदूला रक्त पुरत नाही. मुख्याध्यापकांनी पाण्याच्या बाटलीची जबाबदारी लगेच वर्गशिक्षिकांवर दिली. बाकावर पाय लोंबकळू नयेत म्हणून फळी ठोकायला मात्र एक आख्खं सत्र गेलं.

ही फाउंडेशन ज्या मुलामुळे निघाली तो सॅम बर्न्स. २०१४ च्या जानेवारीत सतराव्या वर्षी तो गेला. त्याच्या एका भाषणाचा व्हिडिओ बारक्याच्या मामानं मोबाईलवर आणला होता. सॅमला शाळेच्या संचलनाच्या बँडमध्ये स्नेअर ड्रम वाजवायचा होता. ड्रम आणि गळ्यात अडकवायचा सांगाडा मिळून वजन जवळजवळ १८ किलो, तो स्वतः २२-२३ किलोंचा. घरच्यांनी एका इंजिनिअरला गाठून तीन किलोंच्या आत बसणारा सांगाडा करून घेतला आणि पोरगा संचलनात चालला. मला त्या व्हिडिओतलं भाषण फारसं आठवत नाही. तो ड्रम आठवतो. पोराला ड्रमाएवढं करायचं नाही, ड्रम पोराएवढा करायचा.

बारक्याचं मन कॅरमवर होतं. मामाकडे मोठा बोर्ड होता आणि तो जमिनीवर मांडून खेळायचे. बारक्याला मांडी घालता येत नव्हती. हात पुढे नेला की कोपर सरळ व्हायचं नाही, खांदा आत वळलेला, म्हणून समोरच्या भोकापर्यंत नजर जायची पण हात जायचा नाही. तर्जनीनं स्ट्रायकर मारला की झिजलेल्या पेराला कळ लागायची. आम्ही बोर्ड दोन स्टुलांवर चढवला आणि त्याला बाकावर बसवलं, पाय खाली टेकतील असं. स्ट्रायकर हलका घेतला. मधल्या बोटाला कापडी टोपी शिवली, ती त्यानं दोन दिवसांत फेकून दिली आणि अंगठ्यानं मारायचं स्वतःच शोधून काढलं. अंगठ्याचं टोक कमी झिजलेलं होतं. त्यानं ते मला न विचारता ओळखलं.

औषध आहे. लोनाफार्निब हे मुळात कॅन्सरसाठी तयार केलेलं, प्रोजेरिनला आवरणावर चिकटू न देणारं. २००७ साली बोस्टनमध्ये मुलांवर चाचणी सुरू झाली, नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. आयुष्य काही वर्षांनी वाढतं, धमन्या कमी ताठ राहतात, हाडं थोडी मजबूत होतात. त्याचा सगळा पत्रव्यवहार मुंबईचे जनुकतज्ज्ञ बघतात. माझ्या खात्यात ते येत नाही. वडिलांचा फोन अधूनमधून येतो तो टेम्पोचा आवाज मागे असताना, आणि विषय बहुधा चपलेचा असतो, कारण वर्षाला अर्धा किलोसुद्धा वजन वाढत नाही पण पट्टे मात्र झिजतात.

आता तो सहावीत आहे. उजव्या खुब्याचा गोळा एक्स-रेत वाटीच्या थोडा बाहेर दिसतो, दुखत नाही. सर्जननी आणि आम्ही ठरवलं की हात लावायचा नाही, मांडी बाहेरून धरणारे स्नायू चांगले ठेवायचे. गुडघ्याचे अंश या वर्षी तीन गेले, कोपराचे टिकले. गेल्या महिन्यात त्यानं वेळापत्रकावर हरकत घेतली. त्याचं म्हणणं, आधी व्यायाम आणि मग कॅरम हे चुकीचं आहे. व्यायामानं हात दमतो आणि मामा जिंकतो. आधी कॅरम, मग व्यायाम. मी तपासून बघितलं. दोन डाव खेळून आल्यावर त्याचा खांदा खरंच जास्त वर जातो. तेव्हापासून तसंच चालू आहे.